चिंचेखालची वहिवाट

तिकीट काढून गाणे ऐकावयास बसलेल्या मनुष्याइतका पराधीन प्राणी शोधूनही सापडणार नाही. ज्या क्षणी तो खिडकीपाशी पैसे मोजतो, त्या क्षणापासून त्याच्या रसिकतेवर त्याच्याच खिशाची जप्ती बसते. गवयाचा आवाज कितीही बसलेला असो, तबलजीशी त्याचे कितीही बिनसो, आणि निवेदक रागाच्या समयापासून गवयाच्या आजोळापर्यंत कितीही चऱ्हाट वळो, मोजलेल्या रकमेची पै न् पै वसूल झाल्याखेरीज खुर्ची सोडणे गृहस्थधर्मास शोभणारे नाही, असे त्यास मनोमन वाटत असते. पुण्यास डिसेंबरच्या थंडीत सवाई गंधर्व महोत्सवाचे सबंध तिकीट काढून कानटोपीसह ठाण मांडलेले कित्येक सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांपैकी जे जागे असतात ते, आपले द्रव्य सत्कारणी लागले हे शेजाऱ्यास, आणि शेजाऱ्याहूनही अधिक सहधर्मचारिणीस पटावे, म्हणून ठराविक अंतराने 'वा' म्हणतात. आणि जे निद्रिस्त असतात त्यांची निद्राही, ती इतक्या महागाची असल्यामुळे, मोठ्या गंभीर मुद्रेने घेतलेली असते.

उलटपक्षी, ज्याने एक छदामही मोजलेला नाही त्याचे गवयाकडे काही येणे राहत नाही. गाणे मनास आले नाही तर तो पायजम्याची धूळ झटकतो आणि चालू लागतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, की घरी जाऊन जमाखर्च दाखवावा लागत नाही. म्हणूनच तो जेव्हा मध्यरात्र उलटून गेली तरी उठत नाही, तेव्हा त्याच्या त्या नुसत्या न उठण्याला जे मोल येते, ते पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून आलेल्या टाळ्यांना येत नाही. फुकट्या श्रोता हाच संगीताचा सर्वांत कडक परीक्षक होय, हे माझे मत मिरजेस बनले, आणि ते फिरवावे असा पुरावा अद्याप कोणी माझ्यापुढे दाखल केलेला नाही.

मिरज हे गाव परमुलखातील लोकांस दोन कारणांनी ठाऊक असते. ज्यांना गाडी बदलावयाची असते ते तेथे उतरतात, आणि ज्यांना प्रकृती बदलावयाची असते तेही तेथेच उतरतात. कारण जंक्शन आणि रुग्णालये या दोहोंबाबत या गावाचा लौकिक जुना आहे. परंतु या दुसऱ्या वर्गातील मनुष्याने मिरजेस येताना जरा जपून यावे, असा इतिहासाचा इशारा आहे. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाली म्हणून उपचारांसाठी मिरजेस आला, आणि डोळ्यांचे काम पुरते साधले नाही तरी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली असा तयार झाला की पुढे १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून विष्णु दिगंबर पलुसकर या नावाने साऱ्या हिंदुस्थानाला त्याने गाणे शिकविले. त्याच्याच जन्मसाली, म्हणजे १८७२ साली, उत्तरेकडे कैराना या गावी, दुसरा एक मुलगा जन्मला होता; तो मोठा नावाजलेला गवई होऊन या भागात आल्यावर प्लेगच्या दुखण्याने जेरीस आला, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गाऊन हजेरी लाव म्हणजे गुण येईल, असे कोणी सुचविल्यावरून त्याने गाणे म्हटले आणि त्याला गुण आला, अशी मिरजकरांची श्रद्धा आहे. तो रोगीही गावातून लवकर हलला नाही. त्याचे नाव अब्दुल करीम खाँ. तेव्हा गावातील वैद्यकाविषयी कोणाचे काहीही मत असो, मिरजेचे पाणी पोटात गेलेला रोगी गवई होऊन बसण्याचा संभव असतो, एवढे नातलगांनी ध्यानात ठेवावे.

ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारातील चिंचेखाली खाँसाहेब दरसाल गाण्याची हजेरी लावीत. ती त्यांनी हयातभर चुकविली नाही. आणि १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात, मद्रासकडून पाँडिचेरीस जाताना, वाटेतल्या एका लहानशा स्टेशनच्या फलाटावर त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचा देह मिरजेस आणून याच दर्ग्याच्या आवारात ठेवण्यात आला. तेव्हापासून उरुसाच्या रात्री तेथे संगीतसभा भरते. हिराबाई बडोदेकर काय, गंगूबाई हनगल काय, भीमसेन जोशी काय, खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची थोर थोर मंडळी येथे येऊन गेली. आणि वहिवाट अशी की येथे गाणारा बिदागी घेत नाही आणि ऐकणारा तिकीट काढीत नाही. दोन्ही पक्षांचे एकमेकांकडे काहीच निघत नसल्यामुळे व्यवहार इतका निर्मळ होतो, की बाहेरगावी ज्याच्या मानधनाचा आकडा ऐकून आयोजकास घेरी येते, तो गवई येथे गालिच्याच्या सुरकुतीवर मांडी घालून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेला आढळतो, आणि त्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

चिंचेविषयी येथे दोन शब्द बोलणे अवश्य आहे. मराठी घरात मुलाला गाणे शिकवावयास घातले, की पहिल्या दिवसापासून त्याच्या पानातून लोणचे, ताक, दही, आमसूल आणि चिंच यांची हकालपट्टी होते. मुलाच्या गळ्यातून षड्ज निघण्याच्या आधी घरातल्या आमटीतून चिंचेचा कोळ निघून जातो, आणि निष्पाप भावंडांना विनाकारण अळणी आमटी गिळावी लागते. आणि इकडे हिंदुस्थानी संगीताचा इतिहास पाहावा तर तो चिंचेच्या सावलीखेरीज बसावयास तयार नाही. ग्वाल्हेरीस तानसेनाच्या कबरीजवळ चिंचच. तिचा पाला चघळला की गळा सुरेल होतो या समजुतीने गवयांनी पिढ्यानपिढ्या तिला ओरबाडले. मिरजेसही चिंचच. शिवाय रात्री चिंचेखाली थांबू नये, तेथे भुते असतात, अशी आमच्या आजीपणजींची सक्त ताकीद. आता इतकी वर्षे इतके लोक रात्र रात्र चिंचेखाली बसत आले असता एकाही भुताने तक्रार गुदरलेली नाही, याचा अर्थ भुते तेथे नाहीत असा तरी करावा, नाही तर ती किराणा घराण्याची आहेत असा तरी.

उरुसाची तिथी चांद्र मासाप्रमाणे येत असल्याने तो दरवर्षी थोडा थोडा मागे सरकत जातो, आणि श्रोत्याने शाल न्यावी की पंखा, हा प्रश्न दर काही वर्षांनी नव्याने निकाली काढावा लागतो. सतरंजी मात्र सर्व ऋतूंत न्यावी लागते. फुकट मैफलीत कागदपत्र नसतात म्हणून कायदाही नसतो, अशी समजूत करून घेऊन जाणारा मनुष्य तेथे फार वेळ बसू शकणार नाही. सतरंजी ही तेथील जमीन होय, आणि तिच्या मालकी हक्काचे नियम महसूल खात्यास लाजवतील असे काटेकोर आहेत. जाणते कुटुंब दिवेलागणीलाच घरातील एका अल्पवयीन मुलास पुढे रवाना करते, आणि तो मुलगा सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर दोन चपला, एक पाण्याची बाटली आणि एक धाकटी बहीण अशा चतुःसीमा कायम करून बसतो. वडील मंडळी जेवूनखाऊन येतात तोवर पूर्वेकडील शेजाऱ्याने आपली चटई बहिणीच्या अंगाखाली हातभर सरकविलेली असते. मोजणी होते, सौम्य शब्दांत कज्जा होतो, आणि 'देवाच्या दारात कसली हद्द' या सर्वमान्य तत्त्वावर तडजोड होऊन जो आधी सरकला त्याचा कब्जा कायम होतो. खरे अतिक्रमण पुढे विलंबित ख्यालात होते. मांडी बदलण्याच्या मिषाने शेजाऱ्याचा गुडघा वीतभर आपल्या हद्दीत येतो. आपण सुरांच्या तंद्रीत असल्याने हरकत घेत नाही. आणि द्रुत सुरू होईतो त्या गुडघ्याची तेथे वहिवाट पडलेली असते.

चहासाठी उठणे म्हणजे तर राजीनाम्यावर सही करणेच. रुमाल ठेवून उठणाऱ्याच्या रुमालास प्रारंभी सर्वजण मान देतात. थोड्या वेळाने तो कोणी तरी अलगद घडी करून बाजूस ठेवतो. आणि मूळ कब्जेदार हाती वाफाळता पेला घेऊन परत येतो तेव्हा त्या जागी एक भारदस्त गृहस्थ डोळे मिटून समाधिस्थ झालेले असतात. आपण काही बोलावयास तोंड उघडावे, तो ते डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवतात, आणि भोवतालचे सर्व रसिक आपणाकडे असे पाहतात, की संगीतात व्यत्यय आणणारा आपणच होय, आणि पोलिसांत वर्दी देण्याचे तेवढे बाकी आहे. अशा वेळी उभ्याने चहा प्यावा आणि खांबाला टेकावे. खांबापाशी ऐकू चांगले येते, असे खांबाशी उभे असलेले सर्वजण सांगतात.

आलापीविषयी बोलावयाचे तर किराणा घराण्याचे गाणे हे घाईच्या मनुष्याचे काम नव्हे. एकेक स्वर उचलावयाचा, तो नीट पुसून पाहावयाचा, त्याच्या आजूबाजूच्या स्वरांची विचारपूस करावयाची, आणि मग पुढच्या स्वराच्या दारात पाऊल टाकल्यासारखे करून पुन्हा माघारी यावयाचे, अशी ती रीत आहे. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यास हे सारे आगाऊ ठाऊक असते, निदान ठाऊक आहे असे दाखविणे त्यास भाग असते. उरुसाला मात्र आसपासच्या गावांहून बायकामुलांसह माणसे आलेली असतात. दर्शन झालेले असते, पाळण्यात बसून झालेले असते, आणि एस. टी. पहाटेची असल्यामुळे मधला काळ कोठे तरी काढावयाचा असतो. असेच एक पागोटेवाले वृद्ध गृहस्थ एकदा माझ्या पुढ्यात बसले होते. गवई निषादावर जाऊन स्थिरावला होता आणि तेथून लवकर हलण्याचा त्याचा मानस दिसत नव्हता. पुष्कळ वेळ संयमाने वाट पाहून वृद्धांनी मागे वळून मला विचारले, "हे गाणं कवा सुरू हुतंय म्हनायचं?"

"सुरू आहे, आजोबा," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा पुढे पाहिले, नीट कान दिला, आणि मग मला धीर द्यावा तशा स्वरात ते म्हणाले, "न्हाई अजून. सुरू झालं की सांगतो तुमास्नी."

आणि खरोखरच, मध्य षड्जापासून निघालेला तो गवई रखडत, रेंगाळत, ज्याच्या त्याच्या घरी पाणी पीत जेव्हा एकदाचा वरच्या षड्जावर जाऊन लागला, आणि तो स्वर कंदिलाची काच पुसून ठेवावी तसा लख्ख उभा राहिला, तेव्हा आजोबांनी पाठीमागे हात करून माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "हां. झालं बगा सुरू." माझ्या शेजारी एक संगीताचे निवृत्त प्राध्यापक होते. रागविस्ताराच्या त्याच टप्प्यास शास्त्रात काय म्हणतात, हे ते मला सांगू लागले होते. पण त्यांचे सांगणे आजोबांच्या थापेहून लांब होते, आणि तोवर गवई पुढे निघून गेला होता.

बाहेर जत्रेचा बाजार असतो, आणि जत्रेच्या बाजारात पिपाण्या मिळतात. ही वस्तू कोणत्या स्वरात वाजते याचा शोध श्रुतिशास्त्रज्ञांनी अद्याप लावलेला नाही. बावीस श्रुतींच्या फटीतून निसटलेली ती तेविसावी असावी. मैफलीच्या ऐन रंगात, आईच्या मांडीवर पेंगत असलेले एखादे पोर एकाएकी जागे होते, हातातल्या पिपाणीची त्यास आठवण होते, आणि गवयाने लावलेल्या खर्जाच्या सन्नाट्यावर ते आपला स्वर ठेवून देते. अशा प्रसंगी नाट्यगृहात काय झाले असते? दहा माना गर्रकन वळल्या असत्या, पोरास उचलून बाहेर नेण्यात आले असते, आणि आईबापांचा शेष कार्यक्रम उपाहारगृहाच्या बाकावर पार पडला असता. येथे गवयाने मान वळवून त्या पोराकडे पाहिले, डोळे मिचकावले, आणि तो पुन्हा आपल्या सुराला लागला. मला वाटते, हे त्या स्थानाचेच माहात्म्य असावे. कारण ज्या खाँसाहेबांच्या नावाने ही सभा भरते, त्यांनी टिपू नावाच्या आपल्या कुत्र्यास सुरात स्वर लावावयास शिकविले होते, आणि मुंबईस रीतसर लोकांपुढे त्याचे गाणेही केले होते, असे सांगतात. श्वानाच्या कंठातून ज्याने षड्ज काढला, त्याच्या दारात मनुष्याच्या पोरास बेसूर म्हणून हाकलावयाचे तरी कोणत्या तोंडाने?

पिपाणीचे एक वेळ निभावते. भडंगाचे निभावत नाही. सांगलीमिरजेकडचा मनुष्य भडंगाच्या पुडीवाचून बैठकीला बसत नाही, आणि भडंग हा पदार्थ, त्यातील लसूण व शेंगदाणे बाजूला ठेवले तरी, निव्वळ आवाजाच्या दृष्टीने द्रुत लयीचा आहे. विलंबित एकतालात तो खावयाचा कसा, हा खरा प्रश्न. आणि त्याची उकल मी एका स्थानिक रसिकाच्या ठायी पाहिली. गृहस्थ कागदी पुडी गुडघ्याशी उघडी ठेवून डाव्या हाताने मात्रा मोजीत होते. उजव्या हाताची मूठ खालीपाशी भरली जाई, मुखड्याबरोबर वर उचलली जाई, आणि गवई समेवर आला, तबल्यावर थाप पडली, चारी दिशांनी 'वाहवा' उठली, की त्या कोलाहलाच्या आडोशाने ते घास तोंडात टाकून एका दमात चावून घेत. पुढल्या समेपर्यंत मुखाची हालचाल नाही. गवयाने एकदा लयीत खेळून समेला हुलकावणी दिली, तेव्हा तोंडापाशी आलेला घास तसाच हवेत धरून ते एक अखंड आवर्तन थांबून राहिले. तालाचे इतके सूक्ष्म भान राखणारे तबलजीही मी फारसे पाहिलेले नाहीत.

परंतु सर्वांत कठीण श्रोता याहून निराळा. मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची घराणी आहेत. यांचे पूर्वज शिकलगार. तलवारी-भाल्यांना पाणी देणे हा त्यांचा पिढीजात धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, कंपनी सरकारच्या अमलात तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने फरीदसाहेब नावाच्या कसबी कारागिराने हत्यारे सोडून वाद्यांना हात घातला. आणि ज्या गावच्या भट्टीतून निघालेल्या मालाने माणसे गारद होत, तेथून निघालेल्या मालावर ती माना डोलावू लागली. पंढरपूर-बेगमपूरच्या बाजूचे भोपळे आणावयाचे, ते वाळवावयाचे, कापावयाचे, वर लाकूड चढवावयाचे, आणि हे सर्व झाल्यावर खरे काम सुरू होते ते जवारीचे. घोडीचा माथा कानसेने असा काही उतरता घासावयाचा, की तार तिच्यावरून जाताना नुसती टेकू नये, किंचित घासत, किंचित सुटत जावी. मग तारेखाली सुताचा एक धागा सारून तो केसभर इकडे, केसभर तिकडे करीत बसावयाचे, आणि ज्या एका ठिकाणी ती तार एकाएकी गुंजारव करू लागते तेथे हात काढून घ्यावयाचा. २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास सरकारने भौगोलिक मानांकन दिले. दिले ते उचितच झाले, पण त्या केसभर जागेचे मानांकन कारागिराच्या कानात आधीपासून होते.

तर असे हे कारागीर मैफलीस येतात आणि मंचाच्या बाजूला, गवयापेक्षा तंबोऱ्याकडे तोंड करून बसतात. गवई कोण आहे, राग कोणता आहे, यांत त्यांना विशेष स्वारस्य नसते. मोठमोठ्या ताना डोक्यावरून जात असताना त्यांची नजर घोडीवर खिळलेली असते. एका रात्री असेच एक वयस्क उस्ताद माझ्या जवळ होते. गाणे ऐन बहरात होते, लोक बेभान झाले होते, आणि यांच्या कपाळावर मात्र आठी. शेवटी न राहवून मी विचारले, "उस्ताद, गाणं पसंत नाही का?"

"गाना अच्छा है," ते म्हणाले, "पण दुसऱ्या तारेचा धागा सरकलाय."

सगळ्या अंगणात त्या क्षणी हा धागा फक्त त्यांनाच दिसत होता, अशी माझी समजूत झाली, तोच मंचावरच्या गवयाने तान अर्धवट सोडून मागे वळून तंबोऱ्यावरच्या मुलीस बोटाने खूण केली. उस्तादांनी समाधानाने पानाचा डबा उघडला.

याच सुमारास ध्वनिक्षेपकावर नेमलेल्या इसमाचाही परामर्श घेतला पाहिजे. गवई तर्जनी वर करून आवाज वाढविण्याची खूण करतो. तो इसम ती दाद समजून हात जोडतो. गवई तळहात खाली दाबतो. तो खाली बसतो. याउपर त्यांचा संवाद होत नाही.

आता फुकटचे गाणे सर्वत्र असेच फुकट असते, असे मात्र कोणी समजू नये. दिवाळीच्या पहाटे शहराशहरांतील उद्यानांत जे कार्यक्रम होतात, त्यांना प्रवेशशुल्क नसते हे खरे. परंतु त्यांची किंमत भाषणांच्या रूपाने आधी वसूल करून घेतली जाते. अभ्यंगस्नान उरकून, अंगाला उटण्याचा वास आणि नव्या कपड्यांची कांजी घेऊन आपण काळोखात जाऊन बसावे, तो मंचामागील फलकावर गायक आणि साथीदार मिळून जितके होतात त्याहून अधिक छायाचित्रे उपकारकर्त्यांची असतात. आणि त्यांतील प्रत्येक छायाचित्राचा मूळ पुरुष जातीने उपस्थित असतो. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, पुन्हा शाल. आणि गवयाने पहाटेचा म्हणून मनात योजून ठेवलेला राग हा सारा वेळ तंबोऱ्यामागे चुळबुळ करीत असतो. ऊन अंगावर येते तेव्हा त्यास गावयाची अनुज्ञा मिळते. त्यावर एका अनुभवी गायकाने शोधलेला तोडगा असा, की भाषणाच्या आरंभीच तंबोरे मोठ्याने जुळवावयास घ्यावेत; वक्त्यास आपण सुरात बोलत नसल्याची जाणीव झाली म्हणजे तो लवकर आवरतो. गिरगावात गणेशोत्सवातल्या रस्त्यावरच्या मैफलींत हे संकट कमी असे, याचे कारण तेथे गच्च्या, सज्जे आणि जिने यांत मिळून इतके लोक लोंबकळत बसलेले असत, की भाषण लांबले तर कोणाचा तोल केव्हा जाईल, याची शाश्वती नसे.

गंमत अशी, की गाण्याला तिकीट लावून ते राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून चार लोकांत आणणाऱ्यांमध्ये पलुसकरबुवांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. गवयाने संस्थानिकाच्या मर्जीवर न राहता स्वतःच्या कष्टाचे चार पैसे मानाने मिळवावेत, हा त्यामागील हेतू. आणि तो थोर होता, यात शंका नाही. तिकिटाविरुद्ध वर मी जे लिहिले त्याचा त्यांच्या स्मृतीने राग मानू नये, कारण तिकीट नसते तर आज गवई नसते, आणि गवई नसते तर चिंचेखाली फुकट गावयास कोण आले असते, हा हिशेब मलाही कळतो. पण हे बुवा मिरजेस शिकले, मिरजेसच १९३१ साली निवर्तले, आणि तिकिटावाचून चालणारी ही सभाही मिरजेसच भरते. गावाने दोन्ही पक्ष ऐकून घेतले आणि निकाल राखून ठेवला, असे म्हणावे.

आरंभी मी म्हटले की फुकट्या श्रोत्यास केव्हाही उठून जाण्याची मुभा असते. हे विधान कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असले तरी त्याच्या अंमलबजावणीत एक अडचण आहे, ती सांगणे प्राप्त आहे. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी मला पुण्याची गाडी गाठावयाची होती. मी मोठ्या निग्रहाने उठलो, चपलांच्या राशीतून एका जातीच्या दोन चपला मिळविल्या, आणि रस्त्यावर आलो. रिक्षा ओळीने उभ्या होत्या. एकीतही मनुष्य नव्हता. शोध घेता असे कळले, की सर्व चालक आत कमानीशी बसलेले आहेत. एकाच्या खाकी सदऱ्यावरून त्यास ओळखून मी खांद्याला हात लावला आणि स्टेशन म्हणालो.

"आता न्हाई साहेब," तो नजर न वळविता म्हणाला.

मी दीडपट भाडे देऊ केले. त्याने मान हलविली. पण ती गवयाच्या तानेला होती. मी गाडीची वेळ सांगितली, सामान दाखविले, दुप्पट भाड्यापर्यंत चढलो. तेव्हा त्याने एकदाचे माझ्याकडे पाहिले आणि शेजारच्यास कोपराने सरकवून आपल्या बाजूला वीतभर जागा मोकळी केली.

"गाडी मागनं बी हाय की ओ," तो म्हणाला. "बसा. तराना हुंदे."